सकाळी अमरावती, संध्याकाळी अकोला

नवे जिल्हे होणार, अशी बातमी परत आली आहे. थंडी पडली की बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात, तशी ही बातमीही हमखास येते. कोणता तालुका कुणाकडे जाणार, मुख्यालय कुठं होणार, यावर आमच्या गल्लीतले रिकामटेकडे सकाळच्या उन्हात उभे राहून भांडतात. काल तर दोघं चहा अर्धा टाकून तणतणत घरी गेले. मी पेपर वाचते आणि मनात म्हणते, करा बाप्पा, काय तुकडे करायचे ते करा. पण रेघ ओढण्याआधी जरा खाली वाकून बघा, तिथं कुणाची चूल तर नाही ना! हे मी उगीच शोभेचं बोलत नाही. आमची चूल खरोखर रेघेवर होती. तीन दगडांची चूल, अर्धा हिवाळा तिथंच जेवलो आम्ही.

माझा जन्म झाला तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. मला जरा कळू लागलं तेव्हा तो मुंबई राज्यात गेला. दुसरीत गेले त्या सुमारास महाराष्ट्र झाला आणि शाळेत साखर वाटली. एवढ्या घडामोडी झाल्या, पण आम्ही आमच्या जागेवरून हललो नव्हतो, हे विशेष. आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, हे काही केल्या पटत नसे. तिचा उभा जन्म लोकांच्या वावरात, म्हणजे शेतात, कापूस वेचण्यात गेलेला. बाबा तिला दर खेपेला नवं राज्य समजावून सांगायचे आणि ती दर खेपेला विचारायची, "मंग वावर कोनाचं झालं?"

"ज्याचं होतं त्याचंच हाय, माय."

"मंग बदललं काय रे?"

बाबा मास्तर होते, ते असे हार मानणारे नव्हते. ते म्हणायचे, "हे पाय, एवढा मोठा देश एकदम कसा सांभाळावा कोनी? तुमी बाया वावरात शिरता तं आधी कापसाच्या ओळी, आपापले तास, वाटून घेता का नाही? कोनाचे चार तास इकडं, कोनाचे तिकडं. तसंच हे. देशाचे राज्य, राज्याचे जिल्हे, जिल्ह्याचे तालुके." हे मात्र आजीला पटलं. ती म्हणाली, "तास वाटले तरी दुपारची भाकर आमी एकाच निंबाखाली खातो, बरं का." त्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो.

राज्यं बदलली त्यानं आमचं काही अडलं नाही. अडलं ते जिल्ह्यापाशी.

माझी माय वलगावची, म्हणजे अमरावती जिल्हा. बाबा तेल्हाऱ्याकडचे, म्हणजे अकोला जिल्हा. माय ही वलगावच्या आमच्या वस्तीतली सरकारी नोकरी करणारी पहिली बाई. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांना शिक्षणाचं जे वेड लागलं, त्यात मला कडेवर घेऊन ती मास्तरकीचं ट्रेनिंग शिकली. नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी सगळ्या वस्तीतल्या बाया तिला बघायला आल्या होत्या म्हणे, जशी काही ती आजच जन्मली. पण नोकरी लागली ती माहेराकडच्या बाजूला, आणि बाबांची आधीपासूनची तेल्हाऱ्याकडे. त्यामुळे मला आठवतात ते पहिले बाबा म्हणजे दिवाळीत आणि उन्हाळ्यात पिशवी घेऊन येणारे एक गृहस्थ. पिशवीत रेवड्या असत. ते परत निघाले की माझा धाकटा भाऊ विजू रडायचा आणि माय मागच्या दारी जाऊन भांडी घासायची. घासलेलीच भांडी परत घासायची.

मग जिल्हा परिषदा झाल्या. शाळा त्यांच्याकडे गेल्या, मास्तरही गेले. आता एकाच खात्यात आलो म्हणजे एका गावी येऊ, असं या दोघांना वाटलं. बाबा नव्या कपड्यांत अकोल्याला चौकशीला गेले. तिथल्या बाबूनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि गोड आवाजात सांगितलं, "मास्तर, तुमी अकोल्याचे, बाई अमरावतीच्या. आता दोन घरं वेगळी झाली. इकडचा मानूस तिकडं जात नाही. जायचंच असन तं पहिल्या दिवसापासून नवा लागल्यासारखा जाईन. आजवरची नोकरी धरत नाहीत."

बाबा घरी आले ते एक नकाशा घेऊन. मायपुढं नकाशा पसरला आणि दोन जिल्ह्यांच्या मधली रेघ बोटानं वरून खाली चाचपत आले. एका जागी बोट थांबलं. "ही लेंडी," ते म्हणाले. लेंडी म्हणजे एक नाला. नाल्याच्या उगवतीला सावरपूर, अमरावती जिल्ह्याचं शेवटचं गाव. मावळतीला बोरखेडी, अकोला जिल्ह्याचं शेवटचं गाव. दोन्ही गावांना रस्ता नाही, मोटार नाही, पावसाळ्यात काळ्या मातीत माणूस गुडघ्यापर्यंत फसतो. जिल्ह्याच्या साहेबाचं ज्याच्याशी बिनसलं त्यालाच तिकडं पाठवत. या दोघांनी ती गावं मागून घेतली. एकानं बोरखेडी मागितली, एकीनं सावरपूर. हुकूम हातोहात निघाले. अकोल्याचा तोच बाबू कळवळून बाबांना म्हणाला, "मास्तर, असा काय गुन्हा केला तुमी?"

दिवाळीनंतर आम्ही तिकडं गेलो. नोकरी जिथं तिथंच राहायचं, असा नियम होता, म्हणून दोन गावांत दोन खोल्या. मग पोरांची वाटणी झाली. मी मायजवळ सावरपुरात. विजू आणि आजी बाबांजवळ बोरखेडीत. म्हणजे एकाच घरातली भावंडं, पण तो अकोला जिल्ह्याचा आणि मी अमरावती जिल्ह्याची. भांडण झालं की आम्ही एकमेकांना जिल्ह्यावरून चिडवायचो.

ती थंडी मी अजून विसरलेली नाही. पऱ्हाटीची बोंडं फुटून सगळं शिवार पांढरं झालेलं. वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस भरून बांधावर यायच्या, त्यांच्या केसांत, भुवयांतसुद्धा कापूस. कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जाताना वाटेवरच्या बाभळींना पुंजके अडकून राहत. सकाळी हात इतके गारठत की पाटीवर लेखणी धरवत नसे. तुरी भरल्या होत्या, आणि दुपारनंतर सगळ्या शिवाराला ओल्या शेंगांचा हिरवट वास यायचा. तो वास अजून बाजारात आला की मी पिशवी भरून शेंगा घेते. घरात खाणारी माणसं किती, याचा विचार नंतर करते.

शाळा सुटली की मायबरोबर मी लेंडीवर जायची. पलीकडून बाबा, आजी आणि विजू यायचे. त्या दिवसांत लेंडीला पाणी म्हणजे एका कडेनं एक धार, बाकी नुसती वाळू. काठावर गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याची खोपडी होती, म्हणजे रखवालीची झोपडी. गुलाबरावांचं वावर दोन्ही काठांवर, त्यामुळे सारा भरायला त्यांना दोन तालुक्यांच्या चकरा. जिल्हा म्हटला की ते आधी एक शिवी द्यायचे, मग बोलायला लागायचे. आमची तऱ्हा बघून पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मास्तर, माही खोपडी वापरा. अर्धं वावर तिकडं, अर्धं इकडं, म्हंजे काय असते ते मले इचारा."

मग वाळूत तीन दगड मांडले. बाबा बोरखेडीहून पीठ आणि तवा आणायचे, माय सावरपुराहून शिजवलेलं वरण आणायची. भाकरी बाबा थापायचे. आजी दिवसभर कापूस वेचून दमलेली, आणि माय सावरपुरात, तेव्हा बोरखेडीच्या खोलीत एकट्यानं करून करून ते शिकले होते. पहिल्या पहिल्या भाकरींचे आकार असे की विजू त्यांत राज्यं ओळखायचा. "बाबा, हा गुजरात!" म्हणून ओरडायचा. हळूहळू भाकरी गोल व्हायला लागल्या. माय गरम वरणात तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, टाकायची, वर कच्चं तेल आणि तिखट. भाकर अकोल्याची, वरण अमरावतीचं. गुलाबराव येता-जाता म्हणायचे, "वा रे वा, दोन जिल्ह्यांची पंगत!" जेवण झालं, अंधार पडायला लागला की आजी उठायची. मग इकडचे इकडं, तिकडचे तिकडं. माय बाबांना "अवो" म्हणायची. धारेपलीकडे गेल्यावर ती एकदा हाक मारायची, "अवो, जपून जा!" आणि ते वळून न बघता हात वर करायचे. बघितलं असतं तर पाय निघाला नसता, असं ते फार वर्षांनी मला म्हणाले.

शाळेच्या परीक्षेत एक प्रश्न होता, तुम्ही कोणत्या जिल्ह्यात राहता? मी लिहिलं, सकाळी अमरावती, संध्याकाळी अकोला. शिकवणारी माय, तपासणारीही माय. तिनं त्यावर सरळ फुली मारली. मी लेंडीवर बाबांपुढं रडले. बाबांना हसू आवरेना. "पोरीनं बरोबर लिहिलं. फुली काहून मारली वं तिले?"

"पेपरात असं लिहीत नसतात," माय म्हणाली. "पुढं मोठ्या परीक्षेत लिहिन तं कोन समजून घेईन तिले?"

"मंग समजावून सांगतो." बाबांनी काडी घेतली आणि वाळूत देश काढायला बसले. मोठा देश, त्यात राज्यं, आमच्या राज्यात जिल्हे. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ असे वऱ्हाडाचे तुकडे. मग त्यांनी अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये एक लांब रेघ ओढली. ओढत ओढत काडी चुलीपाशी आली आणि थांबली. बाबा रेघेकडं बघत राहिले. विजूनं पायानं ती बुजवून टाकली तेव्हा त्याला कुणी रागावलं नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी सायकल ढकलत लेंडीत उतरले. ते सावरपूरची शाळा बघायला आले होते आणि बाई गावात सापडली नव्हती. मायचा चेहरा असा उतरला की मला अजून दिसतो. नोकरीचं गाव सोडलं म्हणून तिच्यावर ठपका येणार, हे मलाही कळत होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गाव सोडलं."

माय काही बोलायच्या आत गुलाबराव काठावरून खाली आले. "सायेब, गाव कुठी सोडलं? बाई बसल्या ते शिवार सावरपूरचं. मास्तर बसले ते बोरखेडीचं. चूल मधात हाय, तिच्यावर कोनाचा हक्क लावता ते तुमी सांगा."

साहेबांनी मायकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, बाबांच्या पिठाच्या हातांकडं पाहिलं. मग सायकल वाळूत आडवी टाकली आणि खाली बसले. "आमचं कुटुंब यवतमाळला असते," ते म्हणाले. एवढंच. बाबांनी त्यांच्यासमोर भाकर ठेवली. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि मग विचारलं, "पण पावसाळ्यात काय कराल? ही लेंडी चार महिने उतरू देणार नाही."

हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. साहेब गेल्यावर आजी म्हणाली, "मी किती दिवस पाहून राहिली. घराचे दोन तुकडे करून नोकरी कायले? पोरी, तू सोड. एकाच्या पगारात होईन." आजी वाईट नव्हती. तेल्हाऱ्याचे नातेवाईक, वलगावचे मामा, सगळे हेच म्हणत होते. बाबांना सोड म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ती म्हणाली, "सोडतो मी. होळी झाली का राजीनामा देतो." आवाज अगदी साधा होता. मला मात्र एकदम रडू आलं, कारण सकाळी केस बांधून, पट्ट्याच्या वहाणा घालून, छडी न घेता वर्गात शिरणारी माय मी रोज पाहत होते. आणि तिच्यामुळं येणाऱ्या पोरीही पाहत होते. आधी मास्तर होते तेव्हा सावरपूरच्या शाळेत एक पोरगी नव्हती. बाई आली म्हटल्यावर पाटलांची आली, माळ्याची आली, आमच्या वस्तीतल्या सगळ्या आल्या. कडेवर भावंडं घेऊन यायच्या. माय त्या भावंडांनाही पाटी द्यायची.

त्या संध्याकाळी बाबांनी उरलेलं पीठ बांधलं आणि आजीच्या आधीच उठले. धारेपलीकडे जाताना मायनं हाक मारली तर हातही वर केला नाही. त्यानंतर दोन-तीनदा बाबा लेंडीवर आलेच नाहीत, आजीबरोबर नुसत्या भाकरी पाठवल्या. मायनं त्या तशाच फडक्यात बांधून ठेवल्या. ती म्हणाली, "मी सोडतो म्हटलं तरी रागावले. आता आनखी काय करू?"

मग ते आले. संक्रांत होऊन गेली होती, वाळू उन्हानं कोमट झाली होती. टोपी काढून बसले आणि म्हणाले, "विस्तार अधिकाऱ्यांकडं गेलो होतो. सावरपूरच्या शाळेत पोरं वाढली. दुसऱ्या मास्तरची जागा मंजूर हाय, यायले कोनी तयार नाही. मी येतो म्हटलं."

मायला कळायला वेळ लागला. "तुमी? पन तुमची नोकरी धरनार नाहीत. तुमी हेडमास्तर हाय!"

"होतो."

"नव्या पोरासारखं लागनार तुमी? माह्या हाताखाली?"

"तं काय झालं?"

आजीनं कपाळाला हात लावला. "लोक काय म्हनतीन रे!"

बाबा पीठ मळायला लागले होते. ते खाली बघूनच बोलले. "बोरखेडीले मास्तर कोनीबी येईन, माय. पन सावरपूरच्या पोरींले दुसरी बाई मी कुठून आनू?" मग मायकडं वळले. "आन तू काहून रडून राहिली वं? दिवसभर डोळ्यासमोर राहीन नं मी."

माय रडत होती आणि रागावलीही होती. बाबांच्या वर बसण्याचा तो मान तिला नको होता. पुढं कितीतरी वर्षं ती मधेच थांबून विचारायची, मनात काही ठेवलं तं नाही नं? बाबा म्हणायचे, ठेवलं हाय, आज वरण पातळ झालं ते.

कापूस संपत आला, पऱ्हाट्या उपटायला सुरुवात झाली, तेव्हा एका सकाळी बाबा लेंडी उतरून आले. डोक्यावर ट्रंक, मागं विजू तवा घेऊन आणि आजी गाठोडं घेऊन. आमच्या बाजूच्या काठावर माय गडवाभर पाणी घेऊन उभी होती. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात, तसं तिनं बाबांच्या पायांवर पाणी ओतलं. शाळेतल्या पोरी मागं रांगेनं उभ्या होत्या, त्यांना वाटलं नवीन मास्तर आले की असंच करतात. आणि थोड्या वेळानं, घंटा झाल्यावर, तेच बाबा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आत येऊ का?"

"या मास्तर," माय म्हणाली. मग फळ्याकडं वळून तिनं आम्हाला बेरजा घातल्या.

रिटायर होईपर्यंत बाबांची सही मायच्या सहीखाली राहिली. त्यांच्यानंतर लागलेले त्यांच्या पुढं गेले. लोक बोलायचे, नाही असं नाही. पण घरात कुणी दिवाळीची वाट बघितली नाही, आणि बाबा पिशवी घेऊन निघाले की परत येतानाच्या भाजीसाठी निघाले, एवढाच त्याचा अर्थ राहिला. भाकरीची वाटणी मात्र लेंडीवर झाली ती कायमची झाली. वरण मायचं, भाकर बाबांची. मायला शेवटपर्यंत भाकर धड जमली नाही, आणि तिनं शिकायचा प्रयत्नही केला नाही. अमरावतीत घर बांधलं, गॅस आला, तरी संध्याकाळी ओट्याच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला ते.

माय आता नव्वदीत आहे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आज मी शेंगा आणल्या, तिनं दुपारभर बसून सोले काढले. मी नव्या जिल्ह्यांची बातमी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. तिला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "कोनाच्या बदल्या झाल्या?"

"बदल्या नाही माय, जिल्हे होऊन राहिले नवे."

ती सोले निवडत राहिली. मला वाटलं, विसरली. जरा वेळानं म्हणाली, "करू दे. रेघ कुठूनबी काढा म्हना त्यायले. नवरा-बायको तेवढे एका बाजूले ठेवा म्हना."

संध्याकाळी तिनं हट्टानं स्वतः वरणात सोले टाकले. कच्चं तेल घेतलं, तिखट घेतलं. मी ओट्याच्या दुसऱ्या बाजूला भाकरी थापत होते. तिनं वरणावर झाकण ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "अवो, झाल्या काय भाकरी?"

माझे हात पिठात होते.

"होऊन राहिल्या," मी म्हटलं.